न चावलेली चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. डाव्या पायाची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण चप्पल म्हटलं की तुम्ही मनात दोन धरता. ही गोष्ट बरीचशी एकटीची आहे.

अंधेरी पूर्वेला सीताराम नावाच्या कारागिराच्या टपरीत माझा जन्म झाला. वर चामडं, खाली ट्रकच्या टायरचा तळ. म्हणजे आयुष्यभर धावण्याचं शिक्षण आधीच झालेलं. उजवी आणि मी एकाच दिवशी शिवल्या गेलो, एकाच खिळ्याला टांगल्या गेलो आणि गुणाजीच्या पायांत एकदमच गेलो.

गुणाजी तेव्हा गिरणीत होता. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. मग त्याची बायको शेवंती मरोळच्या कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांसाठी डबे करू लागली आणि गुणाजी ते दोन पिशव्यांतून पायी पोचवू लागला. मालवणी मसाल्याचा वास पुढे आणि आम्ही मागे, अशी आमची वरात रोज निघायची.

काही वर्षांनी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. गुणाजी चालता चालता बसस्टॉपपाशी थांबायचा. डाव्या पोटरीत गोळा यायचा त्याच्या. पण भर रस्त्यात गडीमाणसाने पाय दुखतो म्हणायचं कसं? म्हणून तो पिशव्या खाली ठेवायचा, वाकायचा आणि माझा पट्टा नीट करायचा. गोळा उतरला की पुन्हा चालू.

पानबिडीवाला लवू समोरच बसायचा. तो ओरडायचा, "काय रे गुण्या, आज पण?"

"चप्पल चावता रे."

"मग बदल ना यार! की बायकोसारखी निभवतोयस?"

"चांगली आसा अजून. नुसती चावता."

मित्रांनो, मी कोणालाही चावलेली नाही. मला दात नाहीत. पण इज्जत राखायला माणसाला कोणीतरी लागतं, आणि मी पायाखालीच होते.

गुणाजी बिडी पेटवायचा आणि लवूशी गप्पा मारत पोटरी मोकळी व्हायची वाट बघायचा. ती बिडीच त्याची शीर आतून बंद करत होती, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की भर वैशाखातही तो पाय माझ्यावर माठासारखा गार बसतो. पण चपलेला विचारतो कोण?

उलट माझं कौतुक झालं. उजवी झिजून कागद झाली, मी मात्र जाडजूड. सीताराम दोघींना हातात घेऊन म्हणाला, "डावी झकास आहे. अजून दहा वर्षं मरण नाही. उजवीचं काही खरं नाही." आयुष्यातली तेवढीच स्तुती, आणि तीही चुकीची. मी दणकट नव्हते. डावा पाय माझ्यावर नीट टेकतच नव्हता, सगळा भार बिचारी उजवी सोसत होती.

मग डाव्या करंगळीला जखम झाली. हळद झाली, मलम झालं, जखम भरेना. शेवंतीने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या मेलीनं खाल्लान पाय!" करंगळी काळी पडली तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे एका डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली. सापडली नाही. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, म्हणाले.

घरी येऊन गुणाजी भिंतीला टेकून बसला. "पाय गेलो तर डबे कोण नेतलो गो?" शेवंती उठली. तिने मला दोन बोटांनी उचललं आणि बसस्टॉपच्या पुढच्या मारुतीच्या देवळाबाहेर आणून ठेवलं. शनिवार होता. शनिवारी देवळाबाहेरून चप्पल चोरीला गेली की तिच्याबरोबर घरची पीडाही जाते, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यामुळे चोराच्या पदरातही थोडं पुण्य पडतं.

देवळाबाहेर रुईच्या माळा विकणारी जानकी म्हणाली, "वहिनी, एकच?"

"दुखता तो एकच पाय मा?"

हिशेब चोख होता. फक्त चोराच्या बाजूने कोणी विचार केला नव्हता. एका पायाची चप्पल चोरून तो करणार काय?

मी तिथेच राहिले. जोड्या यायच्या, एकमेकींना खेटून बसायच्या आणि देवदर्शन झालं की निघून जायच्या. कोणी विचारायची, "तुझी दुसरी कुठे गं?" मी म्हणायचे, "येतेय." ती येत नसे. जानकी झाडताना मला कोपऱ्यात सारायची. एका कुत्र्याने मला तोंडात धरून थोडं फिरवलं आणि परत आणून टाकलं. त्यालाही दुसरी हवी असावी.

शेवंती शनिवारी येऊन बघायची. "आसा गो अजून?"

"एकटी कोण नेणार, वहिनी? दादांचं काय?"

तिथेच मला कळलं. दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाय कापण्याआधी एक नवा उपाय करून बघू. जांघेत एक बारीक भोक पाडायचं, त्यातून तार घालायची, तारेवरून नळी. नळीच्या टोकाला फुगा.

"फुगा? जत्रेतला?" जानकीची माळ अर्धीच राहिली.

"तसलोच, पण एवढोसो. शीर तुंबली थंय नेऊन फुगवतत आणि मिटवून भायर काढतत. माणूस जागोच. पण जमतलाच असा नाय म्हणतत. नाय जमला तर..." तिने माझ्याकडे बघितलं.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. मित्रांनो, दर शनिवारी कोणीतरी आपण चोरीला गेलो का ते बघायला येतं, ही सोबतच असते. ती गेल्यावर कळलं.

मग ती आली आणि पायरीवर बसून रडू लागली. जानकी घाबरली. "वहिनी, काय झालं? काढला?"

"गरम लागलो गो," शेवंती म्हणाली. "हात लावलंय तर पाय गरम. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखो." काळी करंगळी तेवढी गेली. बिडी ओढलीस तर तोंड दाखवू नकोस, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

नंतरच्या एका शनिवारी लांबून पावलं ऐकू आली. ओळखीची होती, पण मध्ये थांबत नव्हती. गुणाजी बसस्टॉप ओलांडून, लवूच्या टपरीकडे हात करून सरळ चालत आला, मागोमाग शेवंती. पायांत कॅनव्हासचे बंद बूट होते. पाय जपायचे म्हणून यापुढे तेच. मी समजले.

माझ्याकडे बघत तो म्हणाला, "शेवंते, ही कधी चावलीच नाय. मीच खोटा सांगत होतंय."

"माका ठाऊक होता."

"मगे हिका हय कित्याक ठेवलंस?"

"पाय काढून थोडोच ठेवूक येता देवळाभायर?"

गुणाजीने पिशवीतून उजवीला काढलं आणि माझ्या शेजारी ठेवलं. पट्टा नीट केला. या वेळी खरंच वाकडा होता. मग दोघं निघून गेली. गुणाजीने मागे वळून पाहिलं नाही, आणि ते योग्यच होतं.

त्याच संध्याकाळी एका अनवाणी माणसाने आम्हाला चोरलं. बाहेर पडायला एकदाची जोडी लागली. उजवी थकली आहे, बोलत नाही फारशी. पण या माणसाची डावी टाच मी रोज चाचपून बघते. अजून तरी गरम आहे.

तर मित्रांनो, रस्त्यात कोणी पुन्हा पुन्हा वाकून चपलेचा पट्टा नीट करताना दिसला, तर चपलेकडे बघू नका. जवळ जा आणि त्याच्या पावलाला हात लावून बघा.