हेडमास्तरांचं बाहुलं

तिम्मव्वा नव्या बाहुल्यासाठी बकऱ्याचं कातडं खरवडत होती, पण मनात हेडमास्तर विरूपाक्षप्पांनाच खरवडत होती.

पालकसभेला ती आणि तिची सवत होन्नव्वा, दोघी नटूनथटून गेल्या होत्या. नवरा मरून सहा वर्षं झाली. मल्लीला दोघींनी मिळून वाढवलं आणि मल्ली दोघींना अव्वाच, म्हणजे आईच म्हणते. ती पोटची कुणाची, हा विषय घरात निघतसुद्धा नाही. हेडमास्तरांनी मात्र भर वर्गात विचारलं, "यातली खरी आई कोण? खरी बसेल, दुसरीनं बाहेर व्हा." पोरं खिदळली. होन्नव्वा मुकाट्याने व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून मल्लीने दप्तराला हात लावला नाही.

"जाऊ दे गं अक्का, शिकलेली माणसं," होन्नव्वा म्हणाली.

"जाऊ दे? त्याचं नाक मी नीट बघून ठेवलंय."

आणि बघा, महिन्याभरात वरून हुकूम आला: मुलांना दया, आपलेपणा शिकवा, लोककलावंत बोलवा. कोप्पळकडच्या त्या भागात बाहुल्यांचा खेळ करणारं घर हे एकच. हेडमास्तर झक मारत दारात आले. तिम्मव्वा गोड हसली. "करते की. फक्त माझी मल्ली पहिल्या रांगेत बसेल."

या खेळात किळ्ळेक्यात नावाचा सोंगाड्या असतो, ढेरपोट्या आणि तोंडाचा फाटका. तो गावच्या गौडाला, म्हणजे पाटलालाही सोडत नाही आणि त्याच्यावर रागवायचं नाही, ही रीतच आहे.

वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, पडद्यामागे दिवा पेटला. तिम्मव्वाच्या आवाजात बोलत सोंगाड्या आला, काखेत रडकं तान्हं बाळ. बाळाचं नाक पाहून पोरं किंचाळली, "हेडमास्तर!" हेडमास्तरही हसले. हसावंच लागलं.

"याची आई बाळंतपणात गेली हो! कुणी दूध देता का?" सोंगाड्या दारोदार फिरला. गौडाचं दार बंद, शेजाऱ्यांची बंद. शेवटी गावकुसाबाहेरून हातात झाडू घेतलेली एक बाई आली आणि तिने बाळाला पदराखाली घेतलं.

हेडमास्तरांचं हसू मावळलं. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सगळं ठाऊक होतं, पण पन्नास वर्षांत कुणी ब्र काढला नव्हता. पोरांनी मागे वळून पाहिलं. दारात शाळा झाडणारी दुर्गव्वा उभी होती. तिला हेडमास्तर रोज 'ए म्हातारे' म्हणायचे.

"मास्तर," सोंगाड्या म्हणाला, "जन्म दिला ती एक, जगवलं ती दुसरी. खरी कोण? दुसरीला बाहेर काढू का?"

"दिवा विझवा!" हेडमास्तर ओरडले.

"विझवू नका," दुर्गव्वा म्हणाली. "तिम्मे, मला न विचारता माझं चव्हाट्यावर आणलंस, तुझ्याकडे मी नंतर बघते. पण आता विचारलंच आहे, तर बोलू दे त्याला."

हेडमास्तरांनी मान खाली घातली. "दोघी," ते पुटपुटले.

तिम्मव्वाचा जीव निवला. इथे थांबली असती तर लोकांनी तिला थोर म्हटलं असतं. पण तिच्या डोळ्यांसमोर व्हरांड्यातली होन्नव्वा होती.

"ऐकू नाही आलं!" सोंगाड्या म्हणाला.

"दोघी."

"मागच्या पोरांना?"

"दोघीही खऱ्या!" हेडमास्तरांचा आवाज फाटला, डोळे वाहू लागले.

पहिल्या रांगेत मल्ली हसली. तिम्मव्वाने त्यांच्याकडून ते आणखी एकदा म्हणवून घेतलं.