सगळं फरीदाच्या नावावर

मे महिना, आंब्याचा ऐन हंगाम, आणि फरीदाला लग्नासाठी रजा हवी होती. तिचा होणारा नवरा मजीद आखातातून सुट्टीवर आला होता. जूनच्या सुरुवातीला तो परत जाणार होता. आता निकाह झाला नाही तर पुढच्या वर्षापर्यंत वाट बघत बसा!

पण ती नोकरीला होती त्या रत्नागिरीच्या बागायतदार संस्थेचे सुर्वेसाहेब ढिम्म हलेनात. चूक तशी फरीदाचीच. संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा तिनेच हौसेने सगळा डेटाबेस उभा केला आणि बागायतदार, पेट्या, ट्रक असं नोंदींचं एकूण एक टेबल स्वतःच्या नावावर केलं. तिचं नाव आणि पासवर्ड घातल्याशिवाय एका पेटीची नोंद होईना. बाईसाहेबांना त्याचा केवढा तोरा!

आता तोच तोरा अंगाशी आला. तिने पासवर्ड धोंडूला देऊन पाहिला. आवक नोंदवणारा धोंडू माणूस सोन्यासारखा, पण हात भलते चपळ. एक चुकीची नोंद पुसायला गेला आणि पेट्यांचं अख्खं टेबल उडवून बसला. आदल्या संध्याकाळची नक्कल फ्लॉपीवर होती म्हणून निभावलं.

“लग्न पुढच्या वर्षी कर,” साहेबांनी सांगून टाकलं.

फरीदा रडवेली होऊन घरी आली. अंगणात तिचे अब्बा मुसाभाई आंब्याच्या ठेकेदाराला दम देत होते, “आंबे काढायचा हक्क दिलाय तुला, झाड नाय दिलेलं. फांदीला कोयती लावलीस तर बघ!”

फरीदा चप्पल काढता काढता थांबली. धोंडूला आपण आंबे नव्हे, झाडच देऊन टाकलं की! आणि झाड तरी आपलं कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी तिने ‘संस्था’ नावाचा नवा युजर उघडला, सगळी टेबलं नकलून त्याच्या नावावर केली आणि त्याचा पासवर्ड लाखबंद पाकिटात घालून साहेबांच्या कपाटात ठेवला. मग ज्याला त्याला कामापुरता हक्क दिला. धोंडूने नोंद करायची, पुसायचं नाही. हिशेबाच्या मालनने चुका दुरुस्त करायच्या. साहेबांनी फक्त बघायचं.

“फक्त बघायचं?” साहेब दुखावले.

“एरवी तरी काय करता, साहेब?” मालन म्हणाली, आणि साहेबांनाच हसू फुटलं.

फरीदाचा पासवर्ड एव्हाना अख्ख्या ऑफिसला पाठ झाला होता, म्हणून तिने यंत्रातून आपलं नावच पुसलं. धोंडूने एक पेटी नोंदवून पाहिली, ती नीट नोंदली गेली. मुद्दाम पुसायला गेला तर परवानगी नसल्याचं पडद्यावर उमटलं. “वाचलो बा!” धोंडू ओरडला. साहेबांनी रजेच्या अर्जावर सही ठोकली.

निकाह थाटात झाला. धोंडूने बिर्याणीचं ताट पुन्हा पुन्हा भरून घेतलं.

मजीद परत गेल्यावर फरीदा मिठाईचा डबा घेऊन कामावर आली. सवयीने आपलं नाव टाइप केलं, तर यंत्र तिला ओळखेना. तोवर साहेबांनी कपाटातून पाकीट आणून समोर ठेवलं. लाख जशीच्या तशी होती.

उरलेला सगळा हंगाम तिच्यावाचून पार पडला होता. इतका आनंद तिला टेबलं बांधतानाही झाला नव्हता.

तिने पाकीट फोडलं आणि स्वतःचं नाव नव्याने घातलं.

“हक्क कुठले घेतेस गो?” मालनने विचारलं.

“धोंडूएवढे,” फरीदा म्हणाली. “तेवढे पुरेत.”