राजाच्या खुर्चीत काकू

मी एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे, नाटकातल्या राजाची. जाहिरातीत मला सिंहासन म्हणत, पण सामान उचलणारी माणसं खुर्चीच म्हणायची आणि मलाही तेच आवडतं. मित्रांनो, माझ्यावर बसून किती लढाया पुकारल्या गेल्या आणि किती जणांना देशोधडीला लावलं गेलं, ते विचारू नका. राजे ओरडायचे, मी मात्र जागची हलायची नाही.

माझा जन्म एका लाकडी खोक्यातून झाला. कुठल्याशा कारखान्यात मोठं यंत्र आलं, त्याचं खोकं उरलं, ते आमच्या नाटक कंपनीच्या सुतारमामांनी उचलून आणलं. एका मोडक्या पलंगाचे पाय काढून त्यांनी मला लावले, जुन्या पडद्याची मखमल गादीवर ताणून बसवली आणि पुढच्या बाजूला सोनेरी रंग फासला. माझ्या दोन हातांवर सिंहाची तोंडं कोरायला घेतली, ती मांजराची झाली. मामा म्हणाले, एवढ्या लांबून कोण बघतंय. त्यांचं बरोबरच होतं, कारण मी पुढून बघायचीच वस्तू होते. मागे नुसत्या फळ्या, आणि त्यांवर खोक्याची अक्षरं तशीच राहिलेली: 'नाजूक माल, सांभाळून उचला'. तीही उलटी. पण माझी पाठ कायम भिंतीकडे असायची, त्यामुळे त्याची मला कधी लाज वाटली नाही.

माझं माप महाराजांच्या अंगावरून घेतलं होतं. महाराज म्हणजे कंपनीचे मालक आणि मुख्य नट. राजाचं काम त्यांनी इतकी वर्षं केलं की शेजारीपाजारीही त्यांना महाराजच म्हणत. उंचापुरा देह आणि खर्जातला आवाज. ते बसले की मी भरून जायची. नाटक होतं एका हट्टी राजाचं. राणीचं न ऐकता तो आपल्या एकुलत्या एका मुलाला लढाईवर धाडतो. शेवटच्या प्रवेशात दूत येतो आणि मान खाली घालून उभा राहतो. राजा गरजतो, "मान वर कर आणि सांग, माझा मुलगा कुठे आहे?" दूत म्हणतो, "तो येणार नाही." मग महाराज अशी काही आरोळी ठोकायचे की मागच्या रांगेतली झोपलेली मुलंही दचकून जागी व्हायची. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा आणि पडदा पडायचा.

राणीचं काम महाराजांची बायकोच करायची. सगळी कंपनी त्यांना काकू म्हणे. माझ्या डाव्या हाताला उभं राहायचं, मोजकी वाक्यं बोलायची आणि वाईट बातमी आली की तोंड फिरवून खांदे हलवायचे, एवढंच ते काम. आरोळीच्या वेळी सगळे डोळे महाराजांवर खिळलेले असत. काकूंची बोटं माझ्या हातावर किती घट्ट रुतायची, ते फक्त मला ठाऊक होतं. पण मी पडले खुर्ची, मी कुणाला सांगणार?

पुढे दिवस पालटले. प्रयोग कमी झाले, मग थांबलेच, आणि माझी रवानगी कंपनीच्या गोदामात झाली. आधी माझ्या अंगावर चादर होती. मग ती चादर कुणाला तरी हवी झाली. माझ्यावर रंगाचे डबे आले, दोरखंडाची वेटोळी आली, एकदा तर कुणीतरी ओले मोजे वाळत घातले. गादीत उंदरांनी संसार थाटला. मी राजाची खुर्ची आहे हे उंदरांना सांगून काय उपयोग होता? वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण मी खचले नाही. लाकूड चांगलं होतं, सांधे घट्ट होते, आणि कधी ना कधी कुणीतरी येणार याची मला खात्री होती.

आणि आलंच कुणीतरी. महाराजांची मुलगी, सगळ्यांची ताई. ती दूर राहून नाटक बसवायला शिकून आली होती. तिने माझ्यावरचे डबे खाली उतरवले, स्वतःच्या रुमालाने धूळ पुसली आणि माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. पाठीवरची उलटी अक्षरं मान वाकडी करून वाचली आणि खुदकन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही दिवसांनी तिने सगळ्यांना त्या गोदामातच जमवलं. तिचं बोलणं ऐकून माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. नाटक तेच, पण ते आता नाट्यगृहात करायचं नाही, इथे गोदामात करायचं. पडदा नाही. प्रेक्षक चारी बाजूंनी बाकांवर बसणार आणि मधोमध मी. प्रधानाचं काम कॉलेजात शिकणारी एक मुलगी करणार, सेनापतीचं काम काठी टेकत चालणारे निवृत्त मास्तर. राणीचं पात्र काढून टाकायचं. आणि राजा आई करेल, असं ताई म्हणाली.

रंगभूषा करणारे काका लगेच मिशीच्या मापाची चौकशी करायला लागले. ताईने सांगितलं, मिशी नाही, आई जशी आहे तशीच बसेल. काका खट्टू झाले, कारण राजांना मिशा चिकटवण्यात त्यांची हयात गेली होती. सगळ्यांची नजर मात्र महाराजांकडे लागली होती. ते बराच वेळ स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसले होते.

"आणि मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दूत, बाबा."

महाराज मोठ्याने हसले. आपल्याबरोबर कुणीच हसत नाही हे लक्षात आल्यावर थांबले. मुलीला त्यांनी आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. याही वेळी म्हटलं नाही, पण एक अट घातली. पहिल्या प्रयोगाला लोकांनी हसं केलं, तर दुसऱ्या प्रयोगापासून राजा ते स्वतः करतील आणि काकू पुन्हा खुर्चीच्या बाजूला उभ्या राहतील. ताई वाद घालायच्या बेतात होती. तेवढ्यात काकू म्हणाल्या, चालेल. हे काम आपल्याला किती हवं आहे ते त्या दिवशी त्यांचं त्यांनाही नव्याने कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम लाल झाला होता.

तालमीला पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. काकू माझ्यावर बसल्या आणि त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळले. सुतारमामा, आता पार म्हातारे झालेले, लगबगीने करवत घेऊन आले. माझ्या चारी पायांना कापरं भरलं. महाराज म्हणाले, पाय कापू नका, उद्या मला बसायचं झालं तर? त्यांनी केलेल्या या सुटकेने मला आनंद व्हावा की राग यावा तेच कळेना. मग काकू बोलल्या.

"नका कापू. पण ह्यांच्यासाठी नव्हे हं. राजाला खुर्ची मोठी पडतेय, ते लोकांना दिसू दे."

मामांनी करवत खाली ठेवली. निदान माझी पाठ तरी रंगवावी म्हणून त्यांनी सोनेरी रंग कालवून ठेवला होता, पण ताईने तोही परत पाठवला. मला कुणी विचारलं नाही. चारी बाजूंनी माणसं बसणार, आणि मी मागून उघडी! माझी झोप उडाली होती.

काकूंचीही उडाली असणार. त्या महाराजांची नक्कल करायच्या. गुडघे फाकवून बसायच्या, आवाज खाली ओढायच्या, आणि आरोळी ठोकायला गेल्या की त्यांना खोकल्याची उबळ यायची. महाराज आपणहून शिकवायला पुढे यायचे. राजाचं वाक्य आलं की कोपऱ्यात उभ्या असलेल्या दूताचेच ओठ हलायचे. ताईने एकदा विचारलं, आई, तू बाबांसारखी का बसतेस? काकू म्हणाल्या, राजा असाच बसतो. ताईने विचारलं, कुठला राजा? त्यावर काकूंनी गुडघे जवळ घेतले, आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा फाकवले. आरोळी शेवटपर्यंत जमली नाही ती नाहीच. प्रयोगाचा दिवस उजाडला तरी ती अधांतरीच होती.

त्या संध्याकाळी गोदाम गच्च भरलं. माझ्या पाठीमागच्या बाकांवरच्या लोकांनी ती उलटी अक्षरं एकमेकांना वाचून दाखवली आणि खसखस पिकली. मी मनात म्हटलं, झालं, आता काही खरं नाही. मग काकू आल्या. माझ्या हाताला धरून, खालच्या दांडीवर पाय देऊन, त्या सावकाश वर चढल्या आणि बसल्या. पाय लोंबकळले. हसू या बाकावरून त्या बाकावर गेलं आणि गोदामभर पसरलं. दाराशी उभे असलेले महाराज मला दिसत होते. ते खूश होतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांच्या बायकोला लोक हसत होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काकू थांबल्या. लोकांना पोटभर हसू दिलं. एक पाय हलकेच हलवला, मग तो थांबवला. आणि घरात 'दार लावून घ्या' म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी लढाई सुरू करा." हसू जागच्या जागी विरलं. हाच हुकूम मी महाराजांच्या तोंडून गडगडाटात किती वेळा ऐकला होता, पण भीती कधी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. प्रधान झालेली ती मुलगी खरोखरच दोन पावलं मागे सरली.

तिथून पुढे काकूंनी कुणाचीच नक्कल केली नाही. लोक पुढे झुकून ऐकायला लागले. माझी पाठ उघडी आहे हे मीसुद्धा विसरून गेले. पण शेवटचा प्रवेश अजून बाकी होता, आणि त्या प्रवेशातली आरोळी काकूंकडे नव्हती.

दूत आत आला. मळका अंगरखा, खाली घातलेली मान, थकलेली चाल, सगळं अगदी जमून आलं होतं. आता राजाने विचारायचं. काकूंनी श्वास घेतला. पण त्यांच्या आधी दूतच बोलून गेला. आयुष्यभराची सवय, ऐन वेळी जिभेने दगा दिला. दूताने मान वर केली आणि महाराजांच्या त्या खर्जातल्या आवाजात विचारलं,

"माझा मुलगा कुठे आहे?"

आपण काय केलं ते महाराजांना तोंडातून शब्द निघताक्षणीच कळलं. बाकांमागे उभ्या असलेल्या ताईने तोंडावर हात घट्ट दाबला. राजाचं वाक्य दूताने म्हणून टाकलं होतं, मग आता राजाने बोलायचं काय? चूक महाराजांची, आणि हसं होणार काकूंचं. अट सगळ्यांना ठाऊक होती. मला रडू येत असतं तर मी त्या क्षणी रडले असते.

काकू माझ्यावरून घसरत खाली उतरल्या. पाय जमिनीला लागले. चालत महाराजांसमोर गेल्या आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत दूताचं वाक्य स्वतःच म्हणाल्या.

"तो येणार नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मीच पाठवलं त्याला."

हे दुसरं वाक्य नाटकात कुठेच नव्हतं. महाराज तसेच खाली फरशीवर बसले. राजा आणि दूत उरलेच नाहीत, समोर एक बाप होता आणि एक आई होती. काकूही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. कुणी आरोळी ठोकली नाही. बराच वेळ टाळीही वाजली नाही. मग पुढच्या बाकावरची एक बाई डोळे पुसत उभी राहिली, आणि बघता बघता सगळं गोदाम उभं राहिलं. मी मधोमध रिकामी होते. नाटकातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी माझ्यावर कुणीच बसलेलं नव्हतं, आणि तरी मला अभिमान वाटत होता.

लोक गेल्यावर महाराज काकूंजवळ आले.

"चूक झाली माझी," ते म्हणाले. "तुझं वाक्य मी म्हणून टाकलं."

"असू दे हो," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं राणी होऊन मी बाजूला उभी होते. मुलगा माझाही होता, पण त्या राजाने एकदाही माझ्याकडे वळून विचारलं नाही. आज तुम्ही मला विचारलंत."

महाराजांनी दूताचा मळका अंगरखा काढून त्याची नीट घडी घातली.

"मग उद्याही विचारतो," ते म्हणाले.

तेव्हापासून नाटक तसंच होतं. राजा काकू करतात आणि प्रश्न दूत विचारतो. माझी मखमल बदलली आहे, उंदीर गेले आहेत, आणि सुतारमामा महिन्यातून एकदा येऊन माझे सांधे ठोकून बघतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू कोरड्या फडक्याने पुसा, ओलीत ठेवू नका, एवढं तर मी सांगणारच, कारण मी खुर्ची आहे. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. मी मजबूत आहे, उंच बसू दे नाहीतर बुटकं, कुणाचाही भार मी पेलीन. खुर्ची कुणाची, हे आम्ही खुर्च्या कधीच ठरवत नाही, ते तुम्ही ठरवता. म्हणून तुमच्या घरात, वर्गात कुणी नेहमी बाजूलाच उभं असेल, तर त्याला आजच बसायला सांगा. उभं राहून राहून त्याचे पाय दुखत असतात, आणि तो तसं म्हणत नाही.