अर्धा इंच आत

मी एक जुने जाकीट आहे. मित्रांनो, माणसाच्या अंगावर मी अवघे सात आठवडे होते, आणि तेवढ्या मुदतीत कोणी जुने होत नाही, असा आक्षेप तुम्ही घ्याल. तो मला मान्य नाही. वस्तूचे वय तिने काय सोसले यावरून मोजावे, दिनदर्शिकेवरून नव्हे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओढले की लांबणारे आणि सोडले की पूर्ववत होणारे जाड कापड, पुढे हुकांच्या दोन रांगा, खांद्यांना रुंद पट्टे. तपासणीच्या टेबलावरील बाईंनी मला एका लाकडी धडावर चढवले, बगलेखाली दोन बोटे सारून पाहिली आणि शेजारणीला म्हणाल्या, "दोन बोटं गेली पाहिजेत बाई, नाहीतर माणूस गुदमरायचा. हे बघ, झक्क झालंय." माझ्या वाट्याला आलेली पहिली स्तुती ती. पुढे मी रुग्णालयाच्या कोठारात एका खोक्यात पडून राहिले.

मी थंडीसाठी नाही, मिरवण्यासाठीही नाही. छातीवर शस्त्रक्रिया झाली की सूज उतरावी आणि कातडी जागच्या जागी बसावी म्हणून डॉक्टर मला जखमेवर घालतात. त्या वेळी रुग्णाच्या बगलांखालून दोन बारीक नळ्या बाहेर काढलेल्या असतात. त्यांच्या टोकांना रबरी फुगे असतात, आणि आतले रक्तपाणी त्यांत उतरत राहते.

ज्याच्या अंगावर मी चढले, तो दुकानांच्या पाट्या रंगवीत असे. सारा बाजार त्याला 'पेंटर' म्हणे. जन्माच्या वेळी त्याची नोंद मुलगी अशी झाली होती. आपण मुलगा आहोत हे त्याला लहानपणीच उमगले. घराला ते उमगायला फार वर्षे लागली. अकरा वर्षे वाट पाहून त्याने छाती सपाट करून घेतली. अशा शस्त्रक्रियेत स्तनाग्रे काढून, लहान करून, नव्या जागी पुन्हा बसवतात. ती तेथे रुजतात की नाही, हीच पहिल्या आठवड्यातली सारी काळजी. शुद्धीवर आल्यावर त्याने माझ्यावर तळहात ठेवला, सपाट, आणि बराच वेळ काढलाच नाही.

त्याचे वडील शिंपी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. शस्त्रक्रियेस त्यांनी विरोध केला नव्हता आणि होकारही दिला नव्हता. विषय निघाला की ते सुईत दोरा ओवू लागत. पण मुलगा घरी आला तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही फुगे रिकामे करण्याचे काम त्यांनीच घेतले. किती मिलिलिटर पाणी निघाले ते मापाच्या वहीत लिहीत. गिऱ्हाइकांच्या गळ्या-बाह्यांच्या मापांमध्येच एक ओळ असे: डावी तीस, उजवी पस्तीस.

पाचव्या दिवशी सूज थोडी उतरली आणि मी किंचित सैल झाले. मित्रांनो, ते योग्यच होते. पण शिंप्याच्या डोळ्यांना सैल कपडा पाहवत नाही.

"हे काय गबाळं दिलंय यांनी? पोत्यासारखं लोंबतंय," वडील म्हणाले.

"असू द्या बाबा. असंच असतं ते."

"तीस वर्षं लोकांच्या अंगावर कपडे बसवतोय मी. मला शिकवू नकोस. काढ ते, आण इकडे, लेका."

'लेका' ही हाक त्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाला त्यांच्याकडून फुकट मिळे. या एका मुलाला ती कधी मिळाली नव्हती. पेंटरने लगेच माझे हुक सोडले.

वडिलांनी मला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत घेतले. दुहेरी टीप घातली, दोऱ्याची टोके आत दडवली. शिवण म्हणून ती निर्दोष होती, हे मी आजही नाकारणार नाही. "आता कसं कोटासारखं बसलं!" ते म्हणाले. पेंटरचा श्वास अर्ध्यावर अडला. "मस्त झालंय, बाबा," तो म्हणाला.

डावी नळी नेमकी माझ्या नव्या शिवणीखालून जात होती.

त्या संध्याकाळी डाव्या फुग्यात पाच निघाले, दुसऱ्या दिवशी दोन. "बघ, सुकत आलं!" म्हणत वडिलांनी वहीत त्या आकड्याखाली रेघ मारली, आणि दोघे खूश झाले. वस्तुतः पाणी सुकले नव्हते, त्याची वाट बंद झाली होती. माझ्या डाव्या भागाखाली एक ऊनऊन गोळा जमू लागला. तो सकाळी सुपारीएवढा होता, दुपारी लिंबाएवढा.

पेंटरला हे कळत नव्हते असे नाही. मग तो बोलला का नाही? त्याचे कारण त्याच दिवशी दारातून आत आले. ती त्याची आत्या होती.

"धडधाकट अंगावर सुरी फिरवून घेतलीस," खुर्ची ओढत ती म्हणाली. "मी तेव्हाच सांगितलं होतं. आता दुखायला लागलं की पस्तावशील, बघ."

"दुखत नाहीये, आत्या."

"मग चेहरा असा का? एरंडेल प्यायल्यासारखा?"

"तू आल्यापासून झालाय तो."

पुढच्या दुकानात वडील खो खो हसले, आत्याही हसली, आणि पेंटर सुटला. मात्र त्या हशाखाली गोळा वाढतच होता. दुखते म्हणालो तर पस्तावलो असे ठरेल, आत्या जिंकेल, आणि बाबांनी नुकतीच दिलेली हाक ते परत घेतील. असा त्याचा हिशेब होता. हा युक्तिवाद चुकीचा होता. दुखणे शरीराचे असते आणि पस्तावा निर्णयाचा. एक कबूल केल्याने दुसरे सिद्ध होत नाही. पण ज्याला आयुष्यभर प्रत्येक दुखण्याचा जाब द्यावा लागला, त्याच्याकडून तर्कशुद्धतेची अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करावी? तो दीड दिवस मूग गिळून बसला.

आठव्या दिवशी ठरल्याप्रमाणे रुग्णालयात गेल्यावर परिचारिकेने माझे हुक सोडले आणि तिचे हात थबकले. डावी बाजू मुठीएवढी फुगून काळीनिळी पडली होती.

"कधीपासून आहे हे?"

"परवापासून."

"आणि आज सांगताय? फोन नंबर काय पूजेला दिला होता?" तिने मला उलटे केले. "हे कुणी आवळलं?"

"मी," पेंटर म्हणाला.

"शिवण येते तुम्हाला?"

दाराशी उभे असलेले वडील म्हणाले, "त्याला साधं बटण लावता येत नाही. माझं काम आहे ते."

त्याच दुपारी दुसरी शस्त्रक्रिया करून साचलेले रक्त काढावे लागले, आणि नंतर मला हुकांच्या सैल रांगेवर लावले. डॉक्टरबाईंनी वडिलांना प्रामाणिकपणे सांगितले की असे रक्त कधी कधी जाकीट आवळले नसतानाही साचते. कशाने किती बिघडले, हे कोणीच वाटून देऊ शकणार नाही. "पण परवाच कळलं असतं, तर डावं स्तनाग्र कदाचित वाचलं असतं."

ते वाचले नाही. आधी करडे झाले, मग काळे. तिसऱ्या आठवड्यात पट्टी बदलताना ते जाळीच्या कापडाबरोबर निघून आले. वाटी धरून वडीलच समोर होते.

"गेलं," पेंटर म्हणाला. अकरा वर्षे आरसे टाळून ज्या छातीची त्याने वाट पाहिली, ती आता आरशात एका बाजूने कोरी होती. जखम भरल्यावर तेथे गोंदवून हुबेहूब आकार काढता येईल, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. पाट्यांवर हुबेहूब आकार काढण्यात हयात घालवलेल्या त्या माणसाने मान फिरवली. "आत्ता नको," एवढेच तो म्हणाला.

त्या दिवशी वडिलांनी पात्याने माझी शिवण उसवली. आता त्याचा उपयोग नव्हता, तरी टाका टाका करून उसवली. पुढचे दोन आठवडे आलेले कापड ते परत करीत राहिले. हात दुखतो, असे गिऱ्हाइकांना सांगत. हाताला काही झाले नव्हते.

मग आत्या पुन्हा आली. या खेपेस तिचा आवाज खाली होता. "खरं सांग, पस्तावतोस ना?"

"दुखतंय, आत्या," पेंटर म्हणाला. "खूप दुखतंय. डावीकडचं गेलं, त्याचं रडू येतं. हात वर जात नाही, शिडीवर कधी चढेन कुणास ठाऊक. पण पुन्हा करायचं झालं तर पुन्हा करीन."

"मग दुखतंय कशाला?"

"कापलंय म्हणून."

आत्याने उगाच चादरीची सुरकुती सारखी केली आणि ती निघून गेली.

वडील चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

"कुठे?" त्यांनी विचारले.

"काय कुठे?"

"दुखतंय म्हणालास ना. कुठे दुखतंय?"

वडील कप ठेवून जवळ बसले. पेंटरने त्यांचे बोट धरून बगलेखाली टेकवले आणि जखमेच्या कडेने हळूहळू पुढे नेले. "इथून... इथपर्यंत. इथे तर काही कळतच नाही." सुईने भोके पडून निबर झालेले ते बोट तेथेच टेकून राहिले. वडिलांनी क्षमा मागितली नाही. मागितली असती तर मी ऐकले असते, कारण मी तेथेच खुर्चीच्या पाठीवर होते. पण चहावर साय धरली तरी ते हलले नाहीत.

आता मी कपाटाच्या तळाशी आहे. माझा ताण गेला आहे. मला कोणी घालणार नाही आणि टाकूनही देत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी जखम घेऊन पडले असेल, तर त्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद घालायला पुढे सारे आयुष्य पडले आहे. मी स्वतः वाद घालणाऱ्या जातीचे आहे, तरी सांगते, तो वाद राहू द्या. त्याच्याजवळ बसा, कुठे दुखते ते विचारा, आणि उत्तर यायला उशीर लागला तरी उठून जाऊ नका.