टपावरची खुर्ची

मीठ कमी आहे असं सांगावं तितक्या सहज, भाजी वाढून घेता घेता सासऱ्यांनी निर्णय सांगून टाकला. पिकअप विकायची. गिऱ्हाईक तयार होतं.

"ती गाडी नाही, मोरी आहे," ते म्हणाले. "डिझेल ओतत जा, ओतत जा, कुठे जातं पत्ता नाही. त्यापेक्षा भाड्याचा टेम्पो परवडला."

सुनेने हातातला घास ताटात ठेवला. लग्न होऊन आली तेव्हा ती सासऱ्यांच्या फर्निचरच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. बिलं करायची आणि घड्याळाकडे बघायची. मग ड्रायव्हर काम सोडून गेला, एक खेप अडली आणि तिने चावी उचलली. त्यानंतर ती गल्ल्यावर परत बसली नाही. घाटात कुठल्या वळणाआधी गिअर खाली घ्यायचा, भरलेली गाडी उताराला कशी धरायची, हे आता तिच्या हातापायांना माहीत होतं. गाडी गेली की पुन्हा तोच गल्ला आणि तेच घड्याळ.

"बाबा, मला एक खेप द्या," ती म्हणाली. "घाटापलीकडच्या हॉटेलच्या खुर्च्या पोचवायच्याच आहेत. एका टाकीत जाऊन आले तर गाडी ठेवायची."

त्या रस्त्यावर परतीला घाटाखालच्या पंपावर थांबल्याशिवाय गाडी कधी घरी आली नव्हती. सासऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

"बरं. पण मी बरोबर येणार. वाटेत गुपचूप भरलंस तर?"

"बाबा!"

"सुतार आहे मी. मापल्याशिवाय कापत नाही."

दुसऱ्या दिवशी सुनेने गाडी अंगणात घेतली आणि नवऱ्याला कामाला लावलं. तोही सुतारच, पण बापापेक्षा बोलका. त्याचं मत असं की हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवावा, म्हणजे वारा आरपार निघून जाईल. तिने मत खोडलं नाही, तपासलं. टाकी काठोकाठ भरायची, गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाने जाऊन यायचं आणि पुन्हा काठोकाठ भरायची. फाळका उघडा असताना डिझेल जास्त लागलं. बंद फाळक्यामुळे हौद्यातली हवा आतल्या आत घोळत राहते, उशीसारखी, आणि वरचा वारा त्या उशीवरून घसरून पुढे जातो. फाळका उघडला की उशी निसटते.

"म्हणजे मी चुकलो," नवरा म्हणाला.

"चांगल्या कामासाठी चुकलास."

मग त्याने हौद्यावर लाकडी चौकट बसवून ताडपत्री ताणली, इतकी की टिचकी मारली तर वाजावी. टायरमध्ये हवा नीट भरली. सीटमागे साठलेलं भंगार काढलं, त्यात एक मेलेली बॅटरीही निघाली. फरक पडला, पण घाट ओलांडून परत यावं इतका नाही.

शेवटी तिने सासूबाईंच्या विणकामातली लाल लोकर मागून घेतली. बोटाएवढे तुकडे कापले आणि बॉनेटवर, टपावर, ताडपत्रीवर चिकटपट्टीने लावले. वारा दिसत नाही, लोकर दिसते. ती गाडी चालवू लागली आणि नवरा मोटरसायकलवरून शेजारी राहून ओरडून सांगू लागला.

"पुढचे सगळे एका रांगेत! प्रार्थनेला उभे असल्यासारखे!"

"आणि मागचे?"

"मागच्यांची मधली सुट्टी झालीय!"

मधली सुट्टी सुरू होत होती ती खुर्चीपासून. केबिनच्या टपावर, लोखंडी सांगाड्यात बोल्टने आवळलेली एक खरीखुरी लाकडी खुर्ची होती. दुकानाची जाहिरात. लहान मुलं तिच्याकडे बघून हात हलवायची, पोलीसही गाडीला 'खुर्ची' म्हणायचे. सासऱ्यांनी आयुष्यात बनवलेली ही पहिली खुर्ची, असं सासूबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. वेग वाढला की तिच्या पायांतून वारा किंचाळायचा. सून काचा वर करून गाणी मोठ्याने लावायची, म्हणून तो आवाज तिने कधी मोजलाच नव्हता. खुर्चीमागचे लोकरीचे तुकडे चारी दिशांना फडफडत होते, दोन तर तुटून उडून गेले.

"तिचं नावही काढू नकोस," घरी आल्यावर नवरा म्हणाला. "बाबा आधी मला विकतील, मग गाडी."

तिने सासूबाईंना गाठलं. "आई, तुम्ही बोलून बघता का?"

"मी नाही गं बाई मधे पडणार. पहिली खुर्ची म्हणजे पहिलं मूल."

"पहिलं मूल मी आहे," नवरा म्हणाला.

"ती तुझ्या आधीची."

त्यामुळे खेपेच्या दिवशी खुर्ची टपावरच होती. सासऱ्यांनी पंपावर उतरून स्वतः वाकून टाकी भरलेली पाहिली, झाकण स्वतः फिरवलं आणि शेजारी येऊन बसले. गाडीत गाणी नकोत, म्हणाले. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि टपावर किंचाळी सुरू झाली.

सासऱ्यांनी वर बघितलं. मग तिच्याकडे. "हे काय?"

"वारा."

"रोज असतो?"

"वेग धरला की असतो."

त्यांनी काच खाली करून कान बाहेर लावला. नंतर म्हणाले, "गाडी बाजूला घे."

तिला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. ते उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि मान वर करून खुर्चीकडे बघू लागले. तिच्यामागे टपावर एक लाल तुकडा अजून चिकटलेला होता.

"हे काय लावलंयस?"

"लोकर."

"दिसतंय मला. कशाला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने एका दमात सांगितलं. फाळका, ताडपत्री, टाकीची मापं, आणि सगळा वारा या खुर्चीपाशी येऊन अडतो हेही. सांगून झाल्यावर ती त्यांच्या चपलांकडे बघत उभी राहिली.

"मग काढली का नाहीस?"

"तुमची पहिली खुर्ची आहे, बाबा."

"कोण म्हणतं?"

"आई म्हणतात. सगळेच म्हणतात."

सासरे हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. "अगं, पहिली खुर्ची पहिल्याच माणसाखाली मोडली. चुलीत गेली ती. ही परत आलेली आहे. एक पाय आखूड आहे तिचा. गिऱ्हाईक दुकानात आपटून गेलं. विकवेना, मोडवेना, म्हणून वर ठोकली. म्हटलं, तिथे कोण बसून बघणार आहे? तुझ्या सासूने गोष्ट रचली आणि गोष्ट चालली. आता मी कुणाला सांगू, की गावभर माझी चूक मिरवतोय?"

"आम्हाला वाटायचं, तुमचा जीव आहे तिच्यात."

"आणि मला वाटायचं, तुमचा सगळ्यांचा!"

तिने सीटखालून पाना काढला. बोल्ट गंजलेले होते. सासरे चाकावर पाय देऊन चढले, सांगाडा धरला आणि धापा टाकत म्हणाले, "एरवी माणूस खुर्ची सोडत नाही. इथे खुर्चीच टप सोडेना!" शेवटचा बोल्ट सुटला. त्यांनी आधी खुर्ची तिच्या हातात दिली, मग सांगाडा. दोन्ही ताडपत्रीखाली आडवी सारली.

गाडीत बसताना ते म्हणाले, "खुर्ची गेली म्हणून अट गेली नाही हं."

"नाही, बाबा."

गाडीने वेग घेतला तेव्हा ती दचकली. इंजिन बंद पडलं असंच तिला वाटलं, इतकं शांत झालं होतं. घाट सुरू व्हायच्या आत सासरे घोरू लागले.

हॉटेलवर माल उतरला. परतीच्या वाटेवर मात्र सासरे जागे होते आणि डिझेलच्या काट्यावर नजर ठेवून होते. तीही होती. उताराला तिने ब्रेक कमीत कमी वापरला, वेग जराही वाढू दिला नाही. घाटाखालच्या पंपावरचा पोरगा गाडी ओळखून सवयीने पुढे आला. तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? रस्त्याकडे बघ."

पोरगा हात हलवत मागे राहिला.

गावाची पहिली घरं दिसली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

"दिवा लागला, बाबा."

"लागू दे. संपलं असं थोडंच म्हणतोय तो? संपत आलंय म्हणतो." पण ते स्वतः पुढे वाकून बसले होते, दोन्ही तळवे डॅशबोर्डवर टेकवून, जणू गाडी ढकलत आहेत. "त्या कोपऱ्यावर हॉर्न वाजवू नकोस."

"हॉर्नला डिझेल लागत नाही, बाबा."

"कशाला परीक्षा घ्यायची?"

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. गल्ली आली, फाटक आलं. गाडी अंगणात शिरली तेव्हा इंजिन चालूच होतं. तिने चावी फिरवून ते स्वतः बंद केलं.

सासूबाई दारात आल्या. "अगोबाई! खुर्ची कुठे पाडलीत?"

"पाडली नाही, उतरवली," सासरे म्हणाले.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "येईल त्याला ती गोष्ट सांगून सांगून मी मेटाकुटीला आले होते."

चपला काढता काढता सासऱ्यांनी खिशातून फोन काढला आणि गाडीच्या गिऱ्हाइकाला लावला. सून अजून सीटवरच होती. काच खाली होती, त्यामुळे तिला स्पष्ट ऐकू आलं.

"कोण, मी बोलतोय. ती पिकअप... नाही हो, भावाचा प्रश्न नाही. गाडी कामावर आहे."