आजी बुडवायची शिकवणी

रोज दिवेलागणीला मा युडोरा नदीत बुडायची. तिला बुडवायची तिची सख्खी नात केरिस. तेही डोळे मिटून, पुढेमागे झुलत, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"सूर्याच्या सोनेरी किरणांनी आसमंत उजळून निघाला होता. पक्षी मंजुळ किलबिलाट करत होते. इतक्यात माझ्या प्रिय आजीचा पाय घसरला आणि ती खळाळत्या प्रवाहात पडली. माझ्या काळजाचा ठोका चुकला..."

मा युडोरा ओट्यापाशी ब्रशने खेकडे घासत असायची. तिथूनच विचारायची, "मेली का गं मी?"

"अजून नाही. आधी मला आक्रोश करायचाय."

"कर बाई. तोवर मी फदफदं ढवळते."

व्हेनेझुएलासमोरच्या बेटावर, मोरुगा गावाच्या किनाऱ्यावर उभा जन्म गेलेली बाई ती. नदीच्या तोंडाशी चिखलात मांडीपर्यंत उतरून खेकडे धरायची. तिचा पाय घसरलेला कुणी पाहिला नव्हता. पण हॉलिस सरांच्या शिकवणीत तो घसरायचाच, त्याशिवाय मार्क नव्हते.

आता हे हॉलिस सर म्हणजे काय चीज होती ते ऐका. सकाळी शाळेत पाचवीच्या वर्गावर. वर्गात ते काही शिकवायचे नाहीत, घसा राखून ठेवायचे. तीनची घंटा झाली की तीच पोरं, तेच दप्तर, तेच सर, फक्त जागा बदलायची. सरांचं घर उंच खांबांवर. खालची गाडी रस्त्यावर काढून ठेवायची, तिच्या जागी बाकं मांडायची, की झाली शिकवणी. घसा एकदम मोकळा. पाचवीच्या मोठ्या परीक्षेच्या मार्कांवर पुढची शाळा मिळते. तिच्यात एक गोष्ट लिहावी लागते, स्वतःच्या मनाने. तर ती मनाने लिहायची गोष्ट सर पोरांना पाठ करायला द्यायचे.

आणि गोष्ट एकच! विषय कुठलाही येवो. 'माझा वाढदिवस' आला तर वाढदिवसाला सगळे नदीवर गेले, आजी पडली. 'हरवलेलं पिल्लू' आलं तर पिल्लू शोधायला आजी नदीवर गेली, पडली. एकदा एका पोरीने विचारलं, "सर, 'चंद्रावरची सहल' आली तर? चंद्रावर नदी नसते ना?"

सर नाकाने कांदे सोलत म्हणाले, "पेपर तपासणारा गेलाय का चंद्रावर? पाड आजीला."

पडली बिचारी चंद्रावर.

मा युडोराला बुडायचं दुःख नव्हतं. तिचं दुखणं वेगळंच होतं. तिची नात म्हणजे अख्ख्या गावातली एक नंबरची थापाडी. फादरच्या बोकडाला स्पॅनिश येतं आणि तो किनाऱ्यावर उभा राहून व्हेनेझुएलाच्या होड्यांना हाका मारतो, असं तिने नाक्यावर इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं, की दोन बाप्ये खरंच जाऊन बोकडाला 'बुएनास' म्हणून आले. वर म्हणतात कसे, त्याने मान हलवली! शाळेतून आली की आजी विचारायची, "आज काय झालं गं शाळेत?" आणि पोरगी सुरू. नळातून मगर निघाली, प्रिन्सिपॉलबाईंच्या विगमध्ये पोपटाने अंडी घातली. फदफदं करपायचं, पण दोघींना भान नसायचं.

शिकवणी लागली आणि ते आटलं. परवा आजीने विचारलं, "आज काय झालं शाळेत?" तर पोरगी म्हणाली, "सूर्याच्या सोनेरी किरणांनी..."

मा युडोराला वाटलं, पोरीला कुणीतरी आतून पुसून काढलंय.

शिकवणी बंद करावी, तर केरिसची आई तिकडे ब्रुकलिनमध्ये म्हाताऱ्यांची उस्तवार करून फी पाठवते. रविवारी फोनवर तिचं एकच पालुपद, "मम्मी, पोरगी कॉन्व्हेंटला लागली पाहिजे. नाहीतर माझं इकडे मरणं फुकट."

शेवटी एकदा सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी आजी म्हणाली, "उद्या एकदाच मला बुडवू नकोस. बघू तर, काय होतं."

"सर मार्क कापतील."

"कापू देत की. खरा पेपर थोडाच आहे? रोज जीव जातो माझा, त्याचं कुणाला काही नाही."

केरिस पेन्सिल चावत बसली. बऱ्याच दिवसांनी तिचा डावा गाल आत ओढला गेला. थाप मारायच्या आधी तो तसाच ओढला जायचा.

शनिवारी सरांनी आयाबायांना, आज्यांना घराखाली बोलावलं. कोपऱ्यात लाल सरबताचा जग, बशीत नारळाचे लाडू. सर टायबिय लावून. एका पोराची गोष्ट त्यांनी वाचून दाखवली. सोनेरी किरणं, आजी, आक्रोश. मग दुसऱ्याची. सोनेरी किरणं, आजी, आक्रोश. बाया टाळ्या वाजवत होत्या आणि पदराआड जांभया देतात तशा हातातल्या पंख्यांआड जांभया देत होत्या.

मग सरांनी आवाज खाली आणला. "आता कसं लिहू नये त्याचा नमुना. हिने आजीला पाडलंच नाही. मी पुढे वाचलंसुद्धा नाही, सरळ शून्य दिलं."

तिथेच फसले. सर गोष्टी कधी वाचायचेच नाहीत. आजी पडली का एवढं बघायचे आणि मार्क द्यायचे. आता मात्र ही गोष्ट सगळ्यांसमोर पहिल्यांदाच वाचत होते.

"'माझी आजी नदीत पडली नाही. नदीच तिच्या अंगावर पडली. आजी म्हणाली, डोळे फुटले का गं तुझे? नदी म्हणाली, माफ करा मा युडोरा, मी दमलेय. रोज दुपारी तीननंतर आज्यांची रांग लागते इथे.'"

मागून कुणीतरी खुसकन हसलं.

"'सगळ्या एकाच जागी घसरतात. एकच किंकाळी मारतात. आणि काठावर छत्री घेऊन एक म्हातारी तिकिटं फाडत बसते. ती एकटी कोरडी. ती...'"

सर थांबले. पुढची ओळ त्यांना दिसली होती.

"क्रॅक!" मागून एक म्हातारी ओरडली.

तिकडची रीत आहे ही. सांगणारा म्हणतो 'क्रिक', ऐकणारे म्हणतात 'क्रॅक'. म्हणजे, आम्ही जागे आहोत, सांग पुढे. हॉलिस सरांना जन्मात कुणी क्रॅक दिलं नव्हतं. मिळालं तेही दुसऱ्याच्या गोष्टीवर.

"क्रॅक! वाचा ना सर, कोण ती म्हातारी?"

"घशाला काय झालं? सरबत देऊ का?"

सर तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "'ती हॉलिस सरांची आजी.'"

अख्खं घर हललं, खांबांसकट. एका बाईच्या तोंडातलं सरबत नाकातून आलं. केरिस बाकाखाली बघत होती, पण कान लालबुंद.

"यात क्लायमॅक्स नाही," सर कपाळाचा घाम टिपत म्हणाले.

मा युडोरा उठली. "म्हणजे कसं सर, आजी मेली तर क्लायमॅक्स आणि जगली तर शून्य? मग जगायचं तरी कशाला आम्ही? चला गं बायांनो, मार्कांसाठी मरूया."

घरी जाताना दोघी रस्ताभर हसल्या. आजीला वाटलं, जिंकलो.

कसलं काय! तुम्ही हॉलिस सरांना ओळखत नाही. माणसाला लाज नव्हती, पण नाक तिखट होतं. हसू कुठे पिकतं ते त्यांना बरोबर कळलं. सोमवारी त्यांनी सगळ्यांना नवा छापील कागद वाटला. 'हुकमी गोष्ट क्रमांक दोन.' वर सोनेरी किरणं चढवली, नदीला 'खळाळती' जोडलं, तिकिटं फाडणारी म्हातारी काढून टाकली. बाकी सगळं केरिसचं. नाव अर्थातच सरांचं.

त्या संध्याकाळी मोरुग्यात घराघरातून एकच आवाज. "माझी प्रिय आजी खळाळत्या नदीत पडली नाही! खळाळती नदीच..." बोबडा, घोगरा, रडका, सगळ्या तऱ्हांचा. म्हाताऱ्या वैतागल्या. बुडत होतो तेच बरं होतं म्हणे, निदान लवकर संपायचं.

गुरुवारी केरिसला पाठ म्हणायला उभं केलं. ती 'खळाळती' विसरली.

सर म्हणाले, "गाढवे, तुझीच गोष्ट तुला येत नाही?"

शिकवणी संपेपर्यंत खांबाला टेकून उभी केली तिला.

घरी आली ती दप्तर फेकूनच. मा युडोराने सगळं ऐकलं, ब्रश ठेवला, काठी उचलली. "थांब. त्याच्या घराखाली जाऊन त्यालाच आज पाठ म्हणायला लावते."

"नको आजी. बस."

"का नको?"

"मम्मीला कॉन्व्हेंट पाहिजे ना? मग पेपरात सरांचं लिहीन. एक नंबर, दोन नंबर, जे जमेल ते. तुला बुडवीन, काढीन, काय वाटेल ते करीन." पोरीने नाक पुसलं. "पण पेपरात. घरी नाही."

एवढ्याशा पोरीला लबाडीसुद्धा शिकवणीतच शिकावी लागली, तेवढीच काय ती हॉलिस सरांची कमाई. मग आजीने काठी कोपऱ्यात टेकवली, टोपली पुढे ओढली, ब्रश उचलला आणि मुद्दाम तिकडे न बघता विचारलं,

"आज काय झालं गं शाळेत?"

मग केरिसचा डावा गाल आत ओढला गेला.

"सर बुडाले."

"कुठे?"

"फळ्यात. आजीचा पाय कुठे घसरतो ते दाखवायला गेले आणि गेलेच आत. टाय तेवढा बाहेर राहिला. क्रिक?"

"क्रॅक," मा युडोरा म्हणाली. "ओढला नाही ना कुणी?"