तेवीस एकोणसाठ

मला किळस लवकर येते. घरचे म्हणतात, हा माणूस पाण्याच्या ग्लासालासुद्धा आधी नाक लावतो. लावतो, खरं आहे. पण जालन्यातल्या त्या सळयांच्या मिलमध्ये टाइम ऑफिसला हजेरी लिहीत मी काही वर्षं काढली, तिथं कीबोर्डच्या फटींत गुटखा अडकलेला असायचा आणि भिंतीचे कोपरे थुंकून थुंकून लाल झालेले होते, ते सगळं मी सोसलं. सोसवला नाही तो एक आकडा. तेवीस एकोणसाठ, म्हणजे रात्री बाराला एक मिनिट कमी.

२००४ साली मिलमधलं हजेरीचं रजिस्टर बंद झालं आणि कॉम्प्युटर आला. मॅनेजर काकासाहेबांच्या भाच्यानं एक्सेलमध्ये हजेरीचा फॉर्म करून दिला. नाव, तारीख, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. पोरगं हुशार होतं, नाही म्हणत नाही. आधी पाच अकरा टाकलं की कॉम्प्युटर त्याचा मे महिना करायचा, ते त्यानं बंद केलं. दिवस आधी, महिना नंतर, साल चार आकडी. उद्याची तारीख टाकली तर घेत नाही, बत्तीस तारीख टाकली तर लाल फुली येऊन खट्ट वाजतं. काकासाहेबांना त्या फुलीचं भारी कौतुक. आल्यागेल्याला मुद्दाम बत्तीस तारीख टाकून दाखवायचे.

माणसं रात्रीसुद्धा काम करतात, एवढंच त्या पोराच्या डोक्यात आलं नाही. बाहेर जायची वेळ आत यायच्या वेळेपेक्षा मोठीच पाहिजे, असा नियम त्यानं घालून ठेवला होता. तारखेचा रकाना एकच. त्यामुळे रात्री दहाला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुटला, असं लिहायची सोयच नव्हती. सहा टाकलं की लाल फुली, 'वेळ चुकीची आहे.' मी पहिल्याच सकाळी सांगायला गेलो. भाचा पुण्याला निघून गेला होता आणि फॉर्मला त्यानं पासवर्ड घातलेला होता. काकासाहेब दात कोरत बसले होते. काडीला लागलेलं निरखून बघायचं आणि परत तोंडात घालायचं, ही त्यांची सवय.

"मोठ्यात मोठी वेळ कोणती घेतंय ते?" त्यांनी विचारलं.

"तेवीस एकोणसाठ."

"मंग तेच टाका ना, कारभारी. पगार पाळीवर देऊन राह्यलो आपण, तासावर न्हाई. कोणाचं काय जातंय?"

तेव्हापासून आमच्या मिलची अख्खी रात्रपाळी कागदावर रोज बाराला एक मिनिट कमी असताना घरी जायला लागली. भट्टी आणि सळया लाटणारे लोखंडी रोल मात्र सहापर्यंत धडधडत असायचे. वर्षभर खरंच कोणाचं काही गेलं नाही.

मग पुंजारामचा हात गेला.

पुंजाराम तीर्थपुरीकडचा. बायको मालनबाईला घेऊन मिलच्या मागच्या वस्तीत एका खोलीत राहायचा. शेजारच्या खोलीत त्याच्याच गावचा धर्मराज. तो एकटा, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण मालनबाईच्या हातचं. दोघं रात्रपाळीला एकाच रोलवर उभे असायचे. त्या रोलपुढची लोखंडी जाळी पावसाळ्यापासून काढून ठेवलेली होती, कारण जाळी असली की माल हळू निघतो. रात्री अडीचच्या सुमाराला एक लालभडक सळई अडकली. पुंजाराम ती पकडीनं सोडवायला गेला आणि हातमोजा रोलमध्ये ओढला गेला. धर्मराजनं बटण बंद केलं, आपला टॉवेल त्याच्या मनगटाला करकचून बांधला आणि टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. हे मला सकाळी धर्मराजनंच सांगितलं, माझ्या टेबलाला धरून, उमासे आवरत आवरत. डावा पंजा काढावा लागला होता.

कामावर अपघात म्हटलं की जाळीची चौकशी होणार. जाळी काढायला काकासाहेबांनी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली, की पुंजाराम पाळी संपवून अकरा एकोणसाठला बाहेर पडला, मग भिंतीवरून परत आत आला आणि भंगार चोरताना त्याचा हात अडकला. बारानंतर मिल बंद होती, रोल नुसते तपासणीसाठी फिरत ठेवले होते, असंही लिहून दिलं. सोबत कॉम्प्युटरची प्रिंट जोडली. रात्रपाळीच्या लोकांकडून सह्या घेतल्या, की आम्हीसुद्धा त्याच वेळी घरी गेलो. सगळ्यांनी सह्या केल्या. दुसरी सही धर्मराजची होती.

मालनबाई टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. रडली नाही.

"कारभारी भाऊ, हात गेला त्याचं मी काही म्हणत न्हाई," ती म्हणाली. "पण पोलीस खाटंपाशी येऊन त्यांना चोर म्हणून गेले. ते जेवून न्हाई राह्यले. तेवढा शब्द काढा."

कारखाने तपासणीचे सरकारी साहेब आले, त्या दिवशी मी बोलायचं ठरवलंच होतं. साहेब काकासाहेबांच्या खोलीत कचोरी खात होते आणि त्याच बोटांनी प्रिंट चाळत होते. पानापानावर तेलाचे ठसे. पुंजारामच्या नावावरसुद्धा एक उमटला.

"बारानंतर कोणीच नव्हतं?" साहेबांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई. रेकॉर्ड आहे ना," काकासाहेब म्हणाले.

मी न बोलावता आत गेलो. म्हटलं, साहेब, हा फॉर्म रात्रपाळीची खरी वेळ घेतच नाही, तुमच्यासमोर टाकून दाखवतो. कॉम्प्युटर तिथंच होता. आत यायची वेळ दहा टाकली, बाहेर जायची सकाळची सहा टाकली. लाल फुली आली, खट्ट वाजलं.

साहेबांनी फुली नीट बघितली. "म्हणजे चुकीची वेळ घेत नाही," ते म्हणाले. "चांगलं आहे की."

काकासाहेब हसले. त्यांच्या दातांत कचोरीचा तुकडा होता. मी आयुष्यात बऱ्याच घाणीशेजारी उभा राहिलोय, पण त्या खोलीत श्वास घेणं मला जड गेलं.

सह्यांची खात्री करायला रात्रपाळीची माणसं बोलावून भिंतीशी उभी केली होती. तेवढ्यात मालनबाई आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण अडवलंही नाही. तिच्या हातात घडी घातलेला टॉवेल होता. पांढरा, निळ्या काठाचा, धुतलेला. मधोमध तपकिरी डाग तसाच राहिलेला.

ती सरळ धर्मराजपुढं जाऊन उभी राहिली. "भाऊजी, दोन डाव सोड्यात घातला. डाग निघत न्हाई. पण तुमचा हाय, म्हणून आणला."

त्या टॉवेलाला तोंड पुसताना मी धर्मराजला वर्षभर बघत होतो. त्यानं टॉवेलाकडं बघितलं, मग काकासाहेबांकडं.

"हा माहा न्हाई, वहिनी," तो म्हणाला.

जिच्या हातची भाकरी त्यानं दोन वर्षं खाल्ली, तिच्या तोंडावर म्हणाला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मालनबाई मात्र रागावली नाही. टॉवेलाची घडी तिनं पुन्हा नीट केली.

"मंग ज्याचा असंल त्याला देते," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कामावर आलो, तर ती मिलच्या फाटकाशी उभी. रात्रपाळी सुटत होती. भट्टीनं होरपळलेली तोंडं घेऊन एकेक जण बाहेर येत होता आणि ती प्रत्येकापुढं टॉवेल धरून विचारत होती, "दादा, तुमचा हाय का हा?" आवाज चढवून नाही, हरवलेली वस्तू परत करताना विचारावं तसं. बाराला घरी गेल्याची सही केलेली माणसं उजेडात तिच्यासमोरून जात होती आणि मान खाली घालून न्हाई, न्हाई म्हणत होती. धर्मराज पलीकडून पळाल्यासारखा गेला.

दुसऱ्या सकाळीही ती होती. काकासाहेबांनी वॉचमनला सांगितलं, उद्यापासून रात्रपाळी मागच्या फाटकानं सोडा. अपंग नवऱ्याच्या बायकोला टाळायला मिलनं रस्ता बदलला, आणि ती एवढी सगळी माणसं मेंढरांसारखी त्या रस्त्यानं जायला तयार झाली.

तिसऱ्या सकाळी मागच्या फाटकानं सगळे गेले, एक सोडून. धर्मराज एकटा पुढच्या फाटकाकडं आला. मालनबाई विचारायच्या आधीच त्यानं टॉवेल तिच्या हातातून घेतला, डाग वर येईल असा खांद्यावर टाकला.

"चला वहिनी, ठाण्यात," तो म्हणाला. "म्या होतो तिथं. अडीच वाजले होते."

त्याच्या जबानीनंतर चोरीची तक्रार बारगळली. धर्मराजचं काम त्याच आठवड्यात सुटलं, माझं पुढच्या महिन्यात. पुंजाराम त्या संध्याकाळी जेवला, असं मालनबाईनं मला सांगितलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण त्या सकाळचं अजून एक राहिलं. धर्मराज आणि मालनबाई फाटकातून दिसेनासे झाले, आणि मागच्या फाटकानं गेलेले काही जण वळसा घालून माझ्या खिडकीशी आले. त्यांनी सगळं बघितलं होतं. पुढं उभ्या असलेल्या माणसाचे डोळे रात्रभराच्या जागरणानं लाल झाले होते, आणि त्याच्या मागं ऊन वर आलं होतं.

"कारभारी, आमची हजेरी टाकून घ्या जल्दी."

"किती वाजता सुटलात?" मी विचारलं.

त्यानं एकदा मागच्या माणसांकडं बघितलं.

"तेवीस एकोणसाठ," तो म्हणाला.